नावं ठेवणारी आत्या

आमच्या नणंदबाईंनी आजवर नावं ठेवली नाहीत अशी एकच वस्तू या जगात आहे, आणि ती म्हणजे त्यांची स्वतःची जीभ.

तिचं नाव शिवकांता. चाकूरची आमची सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणून तोंडावर मी तिला अहो-जाहो करते. लिहिताना करणार नाही. लग्न झाल्यापासून ऐकून घेत आले आहे, तेवढी सूट मला असू द्या.

आता परक्या माणसाला हे समजावून सांगायचं म्हणजे कठीणच. आपल्या मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका टिंबाचा फरक. नाव ठेवायचं ते बाळाला, एकदाच, पाळण्यापाशी. नावं ठेवायची ती कुणालाही, कितीही वेळा, त्याला पाळणा लागत नाही. टिंब नसलं तर आशीर्वाद, टिंब दिलं की उणंदुणं. पुस्तकांतून परीक्षण, मूल्यमापन असले भारदस्त शब्द असतात म्हणे. आमच्या चाकुरात परीक्षण म्हणजे नावं ठेवणं. एखादी गोष्ट चांगली असली तर माणसं गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या माणसाकडं बघून समोरच्यानं समजून घ्यायचं की जमलंय. आक्का मात्र गप्प बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

मला बघायला आली होती तेव्हाची गोष्ट. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, खाली मान घालून बसले. सगळे पसंतीच्या तोंडानं एकमेकांकडं बघत होते. आक्का म्हणाली, "पोरगी बरी हाय, पण चालताना आवाज लई करते." लग्न ठरलं. तेव्हापासून मी या घरात जोडवी वाजवतच चालते, आणि ती माहेरी आली की जरा जास्तच वाजवते.

तिला दिली मुरुडला. चंद्रप्पा भावजींचं तिथं भांड्यांचं दुकान. बाई सुखानं गल्ल्यावर बसली असती. पण गिऱ्हाईक घागर हातात घेऊन बघायला लागलं की ही आतून सांगणार, "त्या घागरीचं बूड हलकं हाय, दुसरी बघा." दुसरीचं तोंड वाकडं असायचं. चंद्रप्पा भावजी देवमाणूस, त्यांनी तिला काही म्हटलं नाही. दुकान आणि घर यांच्या मधलं दार तेवढं भिंत घालून बुजवून टाकलं. तिनं त्या भिंतीलाही नावं ठेवली. ओळंबा न लावताच बांधलीय म्हणे.

आणि माझ्या गौरांगचं बारसं. ते मी मेल्यावरही विसरणार नाही. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळणा सजलेला, बायका दाटीवाटीनं बसलेल्या, माझी माहेरची सगळी माणसं लोह्याहून आलेली. आक्का पाळण्यावर वाकली, बाळाकडं बघितलं, आणि नाव सांगायचं सोडून सरळ उभी राहिली. "पोरगं तर सावळं हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्याला गौरांग कसं म्हणायचं?" बायका खो-खो हसल्या. माझी आई पदर तोंडाला लावून आत गेली. शेवटी नाव ठेवलं तिनं, पण त्या दिवशी नाव कमी आणि नावंच जास्त ठेवली गेली.

न्यायाला धरून एक गोष्ट सांगायला हवी, म्हणून सांगते. आक्काला मूल नाही. तिच्या जिभेवरून कुजबुजणाऱ्या आमच्या गल्लीतल्या सोज्वळ बायकांनी फार आधी तिलाच एक नाव ठेवलेलं आहे. ते मी इथं लिहिणार नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. त्या नावापायी दुसऱ्यांच्या बारशाला ती दाराशी बसते. पाळण्याच्या दोरीला हात लावत नाही, कुणी लावूही देत नाही. सख्ख्या भावाच्या लेकराचं बारसं असलं तरच तिला पाळण्यापाशी उभं राहता येतं. आत्याला दाराशी कोण बसवणार? गौरांगनंतर आमच्या घरात बरीच वर्षं पाळणा हलला नाही. धाकट्या दिरानं, संगमेशनं, लग्न उशिरा केलं आणि लेकरू त्याहून उशिरा झालं. मुलगा झाला. आक्काला मुरुडला फोन गेला तेव्हा ती म्हणे काहीच बोलली नाही. चंद्रप्पा भावजींना वाटलं, फोन कट झाला.

संगमेश लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याच्या हाताखालून पोरं डॉक्टर होतात, पण त्याला मराठीत दोन ओळी धड टाइप करता येत नाहीत. बारशाचं आमंत्रण त्यानं मोबाइलवर स्वतः तयार केलं आणि सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिलं. खाली बाळाचा फोटो, वर सोनेरी अक्षरं: 'आत्या सौ. शिवकांता यांच्या हस्ते बाळाला नावं ठेवण्याचा कार्यक्रम आयोजित केला आहे. अगत्य येण्याचे करावे.'

एक टिंब! ग्रुपवर हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. उदगीरच्या एका जावयानं लिहिलं, 'हा कार्यक्रम तर बारा महिने चालू असतो.' आक्काला तिच्या पुतणीनं ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फोटो आडवा आलाय," आणि टिंबाबद्दल अक्षरही बोलली नाही.

संगमेशची बायको राजकन्या मात्र भडकली. ही नांदेडची, एम.एस्सी. झालेली, इंग्रजी शाळेत शिकवते, आणि घरातल्या भांडणातही मुद्दे क्रमानं मांडते. ती म्हणाली, टिंब चुकून पडलेलंच नाही, टिंब खरं आहे. गौरांगच्या बारशाचं तिला मीच सांगितलेलं होतं, चांगलं रंगवून. आक्का आदल्या दिवशी मुरुडहून आली तशी राजकन्यानं तिला स्वयंपाकघरात बोलावलं. मी कणीक मळत होते. उठून जायला हवं होतं, पण मी कणीक आणखी मळत बसले.

"आक्का, मान तुमचाच हाय," राजकन्या म्हणाली. "पण एक अट. उद्या सकाळपासून पाळण्यापर्यंत कशालाच नावं ठेवायची न्हाईत. एक शब्द जरी निघाला, तर बाळाचं नाव दानम्मा आक्का ठेवतील."

दानम्मा म्हणजे आमची चुलत नणंद, उदगीरची. तिच्या जिभेवर साखर असते. तिला सगळंच 'लई भारी' वाटतं. साडी लई भारी, सून लई भारी, करपलेली पोळीसुद्धा लई भारी. जिला सगळंच भारी वाटतं तिच्या भारीला कुणी कवडीचं मोल देत नाही, पण बारशाला असली माणसं फार उपयोगी पडतात.

मला वाटलं, आता भांडण पेटणार. थोरल्या नणंदेला अट घालायची म्हणजे काय! आक्कानं राजकन्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परातीतल्या कणकेकडं. कणीक सैल झाली होती, मला ठाऊक होतं. तिचे ओठ हलले.

"हाव," ती मान डोलावून म्हणाली, आणि बाहेर गेली.

तेवढ्या एका शब्दावरून मला कळलं की हिला हा मान किती हवाय. हसू आलं मला. दुपारपर्यंतसुद्धा टिकायची नाही ही, असं मी मनाशी म्हटलं, आणि ती टिकू नये म्हणून माझ्याकडून जे होईल ते करायचंही ठरवलं. वाईट वाटून घ्यायचं असेल त्यानं घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वामी येऊन आमच्या लिंगायत रीतीनं बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधून गेले. मग दारात मंडप उभा राहिला आणि लातूरहून सजावटवाला आला. त्यानं पाळण्याला फुगे बांधले, निळ्या दिव्यांच्या माळा सोडल्या, आणि वर थर्माकोलची चंद्रकोर लटकवली. उलटी. टोकं खाली, पाठ वर, खुंटीला अडकवलेल्या विळ्यासारखी. आक्का त्या चंद्राखाली उभी राहिली, मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिली. ती वळली, माठाकडं गेली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

पुढं दिवसभर तेच. घुगऱ्या कच्च्या राहिल्या होत्या. दाताखाली हरभरा कडकन वाजायचा. मी मुद्दाम वाटी भरून तिच्यासमोर नेली.

"आक्का, कशा झाल्यात घुगऱ्या?"

तिनं चावल्या. आवाज ओसरीपर्यंत आला.

"पाणी दे," ती म्हणाली.

मग दानम्मानं मोबाइल समोर धरून पाळणा म्हटला. सूर एकीकडं, शब्द दुसरीकडं, आणि तिसरं कडवं तर कुण्या दुसऱ्याच पाळण्यातलं. संपल्यावर स्वतःच म्हणाली, "लई भारी झाला ना?" आक्कानं पाणी मागितलं. राजकन्याच्या भावानं आहेराचं सामान पाळण्याच्या पुढ्यातच रचून ठेवलं, बाळ दिसेना. पाणी. वाढप्यानं भातावर वरणाआधी ताक ओतलं. पाणी. तिन्हीसांजेपर्यंत माठ रिकामा झाला आणि आमच्या यांना नवीन भरून आणावा लागला.

मजा अशी झाली की गल्ली घाबरली. शेजारच्या कमरुन्निसा चाची मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "क्या जी, आक्का आज चुप कायकू है? किसी पे गुस्सा है क्या?" बाळाचं झबलं त्यांच्या मुलीनं, जेबानं, शिवलेलं. ती गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे शिवते आणि आक्काकडून दरवेळी बाह्यांवरून बोलणी खाते. आज ती आक्कासमोरून चार वेळा झबलं घेऊन गेली. एकदा तर ते पार तिच्या नाकासमोर झटकलं. आक्का भिंतीकडं बघत बसली. जेबा रडवेली होऊन माझ्याकडं आली. "आक्का कायबी बोलल्या न्हाईत. एवढं बेकार झालंय का?"

म्हणजे बघा. वर्षानुवर्षं जिच्या बोलण्यानं बायका चिडल्या, तिच्या गप्प बसण्यानं त्या हवालदिल झाल्या. साडी चांगली आहे की नाही, भात शिजलाय की नाही, कुणालाच ठरवता येईना. दानम्मा होती ना सांगायला, लई भारी म्हणून! पण तिच्याकडं कुणी विचारायला जाईना. माणसांची जात ही अशी आहे. शिव्या देणारा वैद्य नको असतो आणि त्याच्यावाचून औषधही गिळवत नाही.

पाळण्याची वेळ झाली. आक्का अजून टिकून होती. माझ्याजवळ आता एकच बाण उरला होता. गौरांग नांदेडला कॉलेजात शिकतो, तो दुपारी आला होता. उंच झालाय, दाढी राखलीय. मी त्याला दंडाला धरून तिच्यापुढं उभा केला.

"आक्का," मी गोड आवाजात म्हटलं, "हा गौरांग. बघा की, अजून सावळाच हाय."

आजूबाजूच्या बायका वळल्या. राजकन्यासुद्धा बघायला लागली. आक्कानं मान वर करून गौरांगकडं बघितलं. किती तरी वेळ बघितलं. मग हात वर केला आणि त्याच्या गालावरून फिरवला, दाढीवरून. तोंडातून शब्द काढला नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. माझा जळफळाट झाला. माझ्या मनाप्रमाणं कधी चिडलीही नाही ही बाई.

राजकन्यानं बाळ पाळण्यात ठेवलं आणि आक्काला खूण केली. अट पाळली गेली होती. आक्का पुढं गेली, पाळण्याच्या दोरीला हात लावला. लगेच नाही लावला. आधी पदरानं हात पुसला. मग वाकली.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आत्या वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि नाव सांगते, तेव्हा भोवतीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के मारतात. लटके बुक्के, गमतीचे. रीतच आहे तशी. पण या पाठीची गल्लीतली एकेक बाई किती दिवस वाट बघत होती, ते मला त्या क्षणी कळलं. कुणाच्या पुरणाला तिनं नावं ठेवलेली, कुणाच्या जावयाला, कुणाच्या नव्या घराच्या जिन्याला. धपाधप आवाज यायला लागला. जेबानं बाह्यांचा हिशेब चुकता केला. मी माझ्या आईचा पदर आठवून हात उचलला, आणि चांगला भरून मारला. सगळ्यांत जोरात कुणी मारलं असेल? दानम्मानं. साखरेच्या जिभेच्या त्या बाईनं दाटीचा फायदा घेऊन कोपर घातलं.

आक्का हलली नाही. पाठ आखडून घेतली नाही. दोरी घट्ट धरून, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ती वाकलेलीच राहिली, बुक्के थांबले तरी. मग सरळ झाली. तिचे डोळे लाल झाले होते. रडली होती की पाठ दुखत होती, मला सांगता येणार नाही.

"शिवांश," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

टाळ्या झाल्या, पेढे फिरले. आक्का तिथंच खुर्ची ओढून बसली, आणि विषय इथं संपला असता. पण राजकन्याला जिंकण्याची हौस. शिकलेल्या माणसाला नुसतं जिंकून भागत नाही, हरलेल्याकडून तसं वदवूनही घ्यायचं असतं.

"बघा आक्का, जमतंय की न्हाई गप बसायला?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आता सांगा, आम्ही निवडलेलं नाव कसं वाटलं?"

आक्कानं हातातला पेढा खाली ठेवला.

"नाव ठेवून झालं ना?" तिनं विचारलं.

"हाव, झालं की."

"आता ते कुणाला काढून घेता येत न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग ऐक. शिवांश! अंश म्हंजे तुकडा. अख्खा शिव परवडत नव्हता का तुमाला? लिंगायताच्या घरात देवाचा तुकडा पाडून ठेवला व्हय लेकराच्या नावाला? आन् वर तो चंद्र बघ, उलटा टांगलाय. चांदणं काय, डोक्यात कोयता पडंल असं वाटून राहिलं. हरभरा काल रात्री भिजू घालायला काय झालतं? संगमेश, टिंब कुठं द्यावं ते कळत न्हाई आन् पोरांना शिकवून राहिलास! दानम्मा, मारायचं तर म्होरं येऊन मार. कोपर कामून घातलंस?"

मंडपात हशा फुटला. दानम्मा तेवढी पेढ्यांचं ताट घेऊन आत सटकली. बाकीच्या बायका सरकत सरकत आक्काच्या खुर्चीभोवती आल्या. दिवसभराचं दडपण उतरलं. जेबा गर्दीतून वाट काढत पुढं आली.

"आक्का, झबलं?"

"गळा मोठा झालाय. थंडीत लेकराची छाती उघडी पडंल."

"आजच टाका मारून आणते," जेबा म्हणाली, आणि अशी खूश होऊन गेली, जणू तिला कुणी हारच घातला.

मी मागं उभी होते. जोडवी वाजू न देता निघून जावं असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. पण तिनं मला बघितलं.

"कावेरी, थांब. तुझं पोरगं सावळं हाय. हायच. लई देखणं झालंय. पोरात कायबी उणं न्हाई, नाव चुकलंय तुझं. तवाबी मी हेच म्हणले व्हते. पोराला न्हाई, नावाला नावं ठेवली व्हती मी. तू आजवर उलटंच धरून बसली."

गौरांग माझ्या शेजारी उभा होता आणि हसत होता. तरीही तिचं म्हणणं मला पटलेलं नाही. माझी आई त्या दिवशी आत जाऊन रडली होती, ते काय नावासाठी रडली होती? असलं स्पष्टीकरण वेळेवर द्यायचं असतं. शिळं झाल्यावर वाढायचं नसतं. एवढं मात्र खरं की त्या दिवसापासून मी गौरांगला उन्हात जाऊ नको म्हणून ओरडत नाही.

राजकन्या दोन दिवस रुसून होती. संगमेशनं ग्रुपवर दुरुस्ती टाकली, 'नावं'ऐवजी 'नाव' असे वाचावे. सगळ्यांनी वाचली, आणि टिंब होतं तेच बरोबर होतं असा सगळ्यांनी निकाल दिला.

आणि व्हायचं ते झालंच. दुसऱ्या दिवशीपासून गल्लीनं बाळाला तुकडू म्हणायला सुरुवात केली. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. कमरुन्निसा चाची तुकडू म्हणतात, आमचे हे म्हणतात, मीही म्हणते. झोपेत असली की राजकन्यासुद्धा "आले रे तुकडू" म्हणत उठते. कागदोपत्री नावानं त्याला हाक मारणारं आमच्यात एकच माणूस आहे. परवा आक्का मुरुडहून आली होती. मी पाळणा हलवत, "ए तुकडू, बघ कोण आलंय," म्हटलं, तर पिशवीसुद्धा खाली न ठेवता माझ्यावर खेकसली.

"शिवांश हाय त्याचं नाव, मी ठेवलंय," आक्का म्हणाली. "लेकराला नावं कामून ठेवता गं?"